बोटांखालचा पाठ : दृष्टिबाधित विद्यार्थी आणि तौलनिक साहित्याचा वर्ग

तमिळ वाङ्मयाच्या इतिहासात 'अंधककवी' या बिरुदाने ओळखला जाणारा कवी म्हणजे सतराव्या शतकातील वीरराघव मुदलियार. चेन्नईच्या नैर्ऋत्येस ओरगडमचा जो पट्टा आज मोटारींच्या कारखान्यांमुळे परिचित आहे, त्याच्या दक्षिणेस चेंगलपट्टूचा परिसर लागतो. या कवीचे नाव परंपरेने त्याच परिसराशी जोडले जाते. कलंबकम्, उला यांसारख्या प्रबंधप्रकारांत त्याने रचना केली. जन्मतः दृष्टी नसलेल्या या कवीला अक्षरओळख कशी झाली, याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते : इतरांनी त्याच्या पाठीवर बोटाने अक्षरे गिरवावीत आणि त्याने ती त्वचेने ओळखावीत. लुई ब्रेलची पद्धती प्रसिद्ध झाली ती १८२९ मध्ये.

आख्यायिका म्हणूनच ती घ्यायची. पण आख्यायिकाही काही मागत असते. ज्या संस्कृतीत पाठांतराला इतके मोल होते, तिथे अंध कवीला केवळ श्रवणावर का सोडून दिले गेले नाही? त्याने अक्षरे 'जाणली' असे सांगण्याची गरज लोकांना का वाटली? तमिळ छंदःशास्त्राचा पहिला घटकच 'एळुत्तु' म्हणजे अक्षर हा आहे. त्यावर 'असै', 'सीर्', 'तळै', 'अडि' यांची उभारणी होते. कवीपणाचा अधिकार अक्षराच्या ज्ञानाशी बांधलेला आहे, असे मानणाऱ्या परंपरेने आपल्या अंध कवीलाही अक्षराच्या बाहेर ठेवले नाही. त्याच भाषेत 'इरट्टैयर' नावाने प्रसिद्ध असलेल्या जोडकवींची कथा आहे : एक अंध, दुसरा पांगळा; पांगळ्याने अंधाच्या खांद्यावर बसून वाट दाखवायची आणि पद्याचा एक अर्धा एकाने, दुसरा अर्धा दुसऱ्याने रचायचा. कांचीपुरमच्या एकांबरनाथावरील 'उला' त्यांच्या नावावर आहे. सहकार्याचे इतके नेमके रूपक मराठीत सहज सापडत नाही. एकनाथांच्या भारुडांतले आंधळा-पांगळा हे आध्यात्मिक अवस्थांचे मुखवटे आहेत. त्यांना काही वाचायचे वा रचायचे नाही.

मराठीत या संदर्भात पहिले नाव घ्यावे लागते ते गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५). अमरावती जिल्ह्यातील माधानच्या या सत्पुरुषाची दृष्टी अर्भकावस्थेतच गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ जमा झाले. हे सर्व ग्रंथ इतरांच्या वाचनावर आणि इतरांच्या लेखणीवर उभे आहेत : कोणीतरी वाचून दाखवायचे, त्यांनी ऐकायचे, मग सांगायचे आणि कोणीतरी उतरून घ्यायचे. चरित्रपर लेखनात त्यांच्या स्मरणशक्तीचे चमत्कार रंगवून सांगितले जातात, त्यामुळे वाचून दाखवणारे आणि उतरून घेणारे हात मात्र झाकले जातात. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, त्यांनी 'नावंग' नावाची एक स्वतंत्र भाषा आणि तिच्यासाठी लिपी घडवली. महानुभावांच्या सकळ लिपीचा दाखला असलेल्या मराठी वाङ्मयात सांकेतिक लिपी ही अपूर्वाई नव्हे. परंतु ज्याला छापील अक्षर दिसत नाही त्याने स्वतःची लिपी निर्माण करावी, ही गोष्ट पाठीवर अक्षरे गिरवून घेणाऱ्या तमिळ कवीच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. दोन्ही ठिकाणी श्रवण पुरेसे ठरलेले नाही.

गुलाबराव महाराजांना लावले जाणारे 'प्रज्ञाचक्षू' हे विशेषण महाभारतात धृतराष्ट्रासाठी येते, आणि तिथे त्याला उपरोधाची धार आहे. गीतेचे पहिले वाक्य एका अंध माणसाचा प्रश्न आहे आणि सगळी गीता ही संजयाने त्याला केलेले कथन आहे, ही गोष्ट ज्ञानेश्वरीचा वर्ग घेताना फारशी बोलली जात नाही. धर्मवीर भारतींच्या 'अंधा युग'ची (१९५४) मूळ घडण नभोनाट्याची, म्हणजे प्रेक्षकाने काही पाहायचे नाही हे गृहीत धरणारी. त्याची चर्चा मात्र बहुतेक वेळा रंगमंचीय प्रयोगांच्या दृश्यात्मकतेभोवती फिरते. समीक्षेची परिभाषाच इथे आड येते. 'समीक्षा', 'परीक्षण', 'प्रेक्षक' हे शब्द 'ईक्ष्' या पाहण्याच्या धातूतून आलेले. 'आलोचना' आणि 'अवलोकन' 'लोच्', 'लोक्' यांतून. 'दृष्टिकोन' आणि 'दृष्टान्त' तर उघडच आहेत. उलट ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. मराठी काव्याच्या आरंभकाळी असलेला हा श्रोता समीक्षेच्या आधुनिक परिभाषेत कधी प्रेक्षक झाला, हा प्रश्न वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थी बसलेला असतो तेव्हा शब्दार्थापुरता राहत नाही.

मराठी आणि तमिळ यांची नेत्रविषयक भेट म्हटली की तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा (कारकीर्द १७९८–१८३२) आणि त्यांच्या धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांच्या नोंदींचा उल्लेख हमखास होतो. तो वैद्यकाच्या इतिहासाचा विषय. साहित्याच्या वर्गाचा प्रश्न उपचार संपतात तिथे सुरू होतो, आणि त्याचे मराठी प्रदेशातले सर्वांत तपशीलवार वाङ्मयीन चित्रण मराठीत झालेले नाही, इंग्रजीत झाले आहे.

वेद मेहता (१९३४–२०२१) यांची दृष्टी वयाच्या चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर मेंदूज्वराने गेली. डॉक्टर वडिलांनी पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलाला लाहोरहून मुंबईच्या दादर अंधशाळेत पाठवले. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेली ही शाळा; आज ती 'कमला मेहता दादर अंधशाळा' या नावाने मुलींसाठी चालते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेले 'वेदी' हे आत्मचरित्रात्मक पुस्तक या शाळेतील वर्षांचे आहे. मेहता यांच्या इतर लेखनावर एक आक्षेप सतत घेतला गेला : ते डोळस माणसासारखे रंगरूपाचे वर्णन करतात. 'वेदी'त हे वर्णन जवळजवळ गळून पडते आणि वाचकाच्या हाती उरतात ते आवाज, वास, भिंतींचे स्पर्श आणि अंतरे. शाळेची इमारत कशी 'दिसते' हे वाचकाला कळत नाही. मुलांच्या खोलीवर देखरेख करणारा माणूस 'डोळस मास्तर' एवढ्याच नावाने येतो. ज्या जगात न पाहणे ही सर्वसामान्य स्थिती आहे, तिथे पाहू शकणे हीच व्यक्तीची खूण ठरते. या एका नामकरणात पुस्तकाचे सारे तंत्र सामावले आहे.

तौलनिक अभ्यासकाने थांबावे असे दुसरे स्थळ भाषेचे आहे. पंजाबी बोलणारे सुस्थितीतले मूल, भोवतालची बहुसंख्य मुले गरीब किंवा अनाथ आणि मराठी बोलणारी, शाळेचे चालक मिशनरी परंपरेतले, आणि हे सगळे सांगणारे गद्य चाळीस वर्षांनंतरचे, न्यूयॉर्कचे. या गद्याखाली मराठी संभाषणाचा एक थर आहे. तो इंग्रजीत विरघळलेला आहे आणि तरीही जाणवतो. ताहा हुसैन यांच्या 'अल्-अय्याम'शी या पुस्तकाची तुलना करावी. तिथेही अंध बालकाचे शिक्षण आहे, पण निवेदन तृतीयपुरुषी आहे : लेखक स्वतःला 'तो मुलगा' म्हणतो. त्या इजिप्शियन खेड्यातल्या मक्तबात कुराण मुखोद्गत करायचे असते, आणि त्या एका कामात अंध मूल इतरांहून मागे नसते. पाठांतराधिष्ठित वर्गाला वेगळ्या सोयीची गरज भासत नाही. छापील पुस्तक हे वर्गाचे केंद्र झाले की तीच बैठक अडचणीची होते. अर्थात यावरून मौखिक परंपरेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या परंपरेने नावाजलेले अंध विद्वान बहुतेक पुरुष आहेत, आणि त्यांच्यासाठी वाचणारे कोणी ना कोणी घरात वा मठात उपलब्ध होते. अंध मुलीसाठी कोण वाचत होते, याचे उत्तर मराठीत दादरच्या शाळेपूर्वी शोधणे अवघड आहे.

दादरची शाळा सुरू झाली त्या काळात भारतीय भाषांसाठी एक ब्रेल नव्हते. ठिकठिकाणच्या शाळांनी, मिशनऱ्यांनी आणि नीलकंठराय छत्रपती यांच्यासारख्या भारतीय शिक्षकांनी आपापल्या पद्धती बनवल्या होत्या. एका शाळेत शिकलेले मूल दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचू शकेल याची शाश्वती नसे. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न युनेस्कोकडे गेला, क्लूथा मॅकेन्झी यांच्या पुढाकाराने परिषदा झाल्या आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल सिद्ध झाले. या घटनेची नोंद विशेष शिक्षणाच्या इतिहासात होते. तौलनिक साहित्याने तिची दखल घेतल्याचे दिसत नाही, आणि ही उणीव साधी नाही.

भारती ब्रेलचे तत्त्व असे की, एका ध्वनीला सर्व भारतीय भाषांत एकच बिंदुरचना. 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा बिंदू. मग ते मराठी असो, तमिळ असो की बांग्ला. 'म' म्हणजे १-३-४, 'ळ' म्हणजे ४-५-६. भाषांच्या गरजेनुसार भर पडते : तमिळमधील 'ழ' या ध्वनीसाठी, जो देवनागरीत 'ऴ' असा लिहितात, १-२-३-५-६ ही रचना आहे. याचा व्यावहारिक परिणाम विलक्षण आहे. मराठी ब्रेल येणाऱ्या विद्यार्थिनीच्या हाती तिरुक्कुरळची ब्रेल प्रत दिली, तर दोन-चार नवी चिन्हे समजावल्यावर ती कुरळ अडखळत का होईना, मोठ्याने वाचू शकते. तमिळमध्ये 'क' आणि 'ग' यांना एकच अक्षर असल्याने उच्चारात चुका होतील. अर्थ तर शिकावाच लागेल. पण तिच्या शेजारी बसलेला डोळस मराठी विद्यार्थी त्याच कुरळच्या छापील पानापुढे निरक्षर असतो. सर्व भारतीय भाषांसाठी नागरी लिपीचाही वापर व्हावा म्हणून विनोबांनी आयुष्यभर खटपट केली आणि लिपींच्या अस्मितांपुढे ती फारशी पुढे सरकली नाही. अंधांच्या जगात ते काम १९५१ मध्येच झाले होते. तौलनिक साहित्याच्या वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थ्याला नेहमी 'साहाय्याची गरज असलेला' म्हणून पाहिले जाते; लिपीच्या बाबतीत तो इतरांच्या पुढे आहे, हे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे. चेन्नईहून श्रीपेरुंबुदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पूनमल्ली येथे अंधांसाठी सरकारी शाळा आणि राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. तिथला तमिळ विद्यार्थी आणि दादरची मराठी विद्यार्थिनी एकमेकांच्या पुस्तकांतली अक्षरे ओळखतात.

ब्रेल ही छापील देवनागरीची नक्कल नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. भारती ब्रेलमध्ये काना-मात्रा-वेलांटी नाहीत. स्वराचे एकच चिन्ह असते आणि ते व्यंजनानंतर येते. छापील 'किती'मध्ये पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते. ब्रेलमध्ये क, इ, त, ई असा उच्चारक्रमच मिळतो. 'सई' लिहिताना मधला 'अ' स्पष्ट द्यावा लागतो : स, अ, ई, नाहीतर तो शब्द 'सी' होईल. जोडाक्षरात हलन्ताची खूण, म्हणजे चौथा बिंदू, व्यंजनाच्या आधी येते. 'सत्य' हा शब्द स, हलन्त, त, य असा बोटाखाली येतो. वृत्त शिकवताना याचे महत्त्व कळते. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू होते, हा नियम डोळस विद्यार्थी पुढचे अक्षर पाहून लावतो. ब्रेल वाचणाऱ्याला 'स' संपताक्षणी तो बिंदू लागतो आणि 'त' येण्यापूर्वीच गुरुत्व कळते. मात्रागणनेचे पाठ ब्रेलमधून घेतले तर ते छापील पानापेक्षा सुगम ठरावेत.

याच्या नेमके उलट चित्र संगणकीय वाचनाचे आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणाली, विशेषतः २००६ पासून विकसित होत गेलेली आणि विनामूल्य मिळणारी 'एनव्हीडीए', यांनी उच्च शिक्षणाची दारे उघडली हे निर्विवाद. मात्र यंत्राचा मराठी उच्चार गद्याचा असतो. 'घर' हा शब्द ते 'घर्' असा उच्चारते. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत त्याच शब्दाची दोन लघू अक्षरे मोजायची असतात. कानाला एकच बंद अक्षर ऐकू येते आणि म-स-ज-स-त-त-ग हा हिशेब जुळत नाही. ओवीतल्या अन्त्य 'अ'चीही तीच गत. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे, यांतील तालव्य-दन्त्य भेद यंत्र अनेकदा पाळत नाही. हा भेद लिपीतही नाही आणि ब्रेलमध्येही नाही, तो शिक्षकाच्या तोंडूनच कळायचा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत व्युत्पत्तीसाठी दिलेले अनुच्चारित अनुस्वार तर यंत्र मनापासून उच्चारते, आणि एकोणिसाव्या शतकातले गद्य पडशाने गांजल्यासारखे ऐकू येते. जुन्या लेखनाचा इतिहास ज्याला अभ्यासायचा आहे त्याला हे अनुस्वार बोटाखालीच हवेत. ध्वनिमुद्रित पुस्तके आणि बोलके संगणक आल्यावर ब्रेलची गरज उरली नाही, असे मानणाऱ्यांनी साहित्य हा विषय विचारात घेतलेला नाही.

याहून ढोबळ अडचण टंकांची आहे. मराठी विभागांमधील प्रबंध, नियतकालिके आणि संशोधनग्रंथ अनेक वर्षे श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत जुळवले गेले. या टंकांत पडद्यावर देवनागरी आकार दिसतो, आतला संकेत रोमन अक्षराचा असतो. वाचनप्रणाली तो आतला संकेत वाचते, आणि तुकारामांवरच्या प्रबंधातून अर्थहीन रोमन अक्षरांची माळ ऐकू येते. स्कॅन केलेल्या पानांची धारिका तर तिच्यासाठी कोरी असते. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात सुलभ प्रती काढण्याची मुभा मिळाली. माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले. कायद्याची वाट मोकळी झाली, तरी मराठी समीक्षेची पुस्तके त्या वाटेने फारशी चाललेली नाहीत. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, त्यातून नियमित वाचनाची सवय लागली. संशोधनासाठी लागणारी आकर सामग्री हे पाक्षिकाचे काम नव्हे. परिणामी दृष्टिबाधित विद्यार्थी प्रबंधाचा विषय निवडतो तो अनेकदा आवडीवरून निवडत नाही, जे वाचायला मिळते त्यावरून निवडतो. वाङ्मयीन अभिरुचीचा इतिहास लिहिताना या निवडींचा हिशेब कोण ठेवतो?

परीक्षेत प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तिथे लेखनिक येतो. २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ मान्य केला. २०१८ मध्ये, विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावी, अशी अट आली. गैरप्रकार टाळण्याच्या दृष्टीने ही अट समजण्याजोगी आहे. पण तौलनिक साहित्याच्या उत्तरपत्रिकेत एका परिच्छेदात 'ध्वन्यालोक', 'तोल्काप्पियम' आणि अरिस्टॉटल एकत्र येतात. लेखनिक वाणिज्य शाखेचा असेल तर 'अनुभाव'चा 'अनुभव' होतो आणि उत्तराचा अर्थच पालटतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांखाली परीक्षकाची लाल रेघ पडते ती सांगणाऱ्याच्या नावावर. पाठचिकित्सेचे शास्त्र शिकवणाऱ्या विभागांत हे घडावे, हे नवल आहे. 'पॅराडाइज लॉस्ट' (१६६७) मिल्टनने सांगितले आणि इतरांनी लिहून घेतले. त्याच्या पहिल्या सर्गाचे उपलब्ध हस्तलिखित लेखनिकाच्या हातचे आहे, आणि त्यातले वर्णलेखन कुणाचे यावर अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या खल केला. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत सच्चिदानंदबाबांचे नाव परंपरा आदराने घेते. वेद मेहतांचे गद्य सांगून लिहवलेले, पुन्हा पुन्हा वाचवून घेऊन घासलेले आहे. सांगणारा आणि लिहिणारा हे दोन वेगळे कर्ते आहेत, हा विवेक संहितेच्या अभ्यासात पाळला जातो. उत्तरपत्रिका तपासताना तो विसरला जातो. लेखनाचे गुण वेगळे काढणे किंवा विद्यार्थ्याला ब्रेलमध्ये वा संगणकावर स्वतः लिहू देणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांना परीक्षा विभागांतून होणारा विरोध सोयीचा आहे, तत्त्वाचा नाही.

वर्गातल्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने उच्चारावे, 'हे पाहा' म्हणताना काय पाहायचे ते सांगावे, वाचायचा मजकूर आठवडाभर आधी युनिकोडमध्ये द्यावा. यांवर परिसंवाद भरवण्याची गरज नाही.

कठीण असते ते पानावरच्या मांडणीलाच अर्थ देणाऱ्या कवितेचे. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तील (१९७६) शेवटाकडची ती प्रसिद्ध कविता घ्यावी : ज्वारीच्या शेतात कोंबड्या-कोंबडे उड्या मारत आहेत आणि शब्दच पानावर वरखाली विखुरले आहेत. कोलटकर पेशाने आरेखनकार होते. ही मांडणी अलंकार म्हणून आलेली नाही. ब्रेलमध्ये सरळ ओळीत उतरवली तर कवितेतले शब्द उरतात आणि शेत नाहीसे होते. 'इथे शब्द विखुरले आहेत' अशी टीप दिली तर विद्यार्थ्याला कवितेऐवजी कवितेची बातमी मिळते. मार्ग एवढाच की ते पान उंचावलेल्या अक्षरांत, मूळ जागा राखून, स्वतंत्रपणे तयार करायचे. रबरी पट्टीवर पातळ प्लॅस्टिक ठेवून बोथट टोकाने हे हातानेही करता येते. लेसिंगने 'लाओकोऑन'मध्ये (१७६६) अवकाशात शेजारी शेजारी असणाऱ्या आणि काळात एकामागून एक येणाऱ्या कलांचा भेद केला, तो या पानापुढे पुन्हा तपासावा लागतो. डोळ्याला ते शेत एका दृष्टिक्षेपात मिळते, उडी पुरी झालेली असते. बोट पानावरून सरकत जाते, रिकाम्या जागेत चाचपडते, एक कोंबडी हाताला लागते, मग बराच वेळ काही नाही, आणि अनपेक्षित ठिकाणी, वर, दुसरी. कोलटकरांच्या पानावर पुढची उडी कुठून येईल हे आधी माहीत नसणारा वाचक हाच आहे.